मोकळीक म्हणजे स्वातंत्र्य नव्हे



मराठवाड्यात झेंडा एक वेळ जास्त फडकतो. 15 ऑगस्टला स्वातंत्र्यदिन, 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन. 1948 साली निजामाचे राज्य गेले, परभणी मुक्त झाली. पण मुक्त झालेला शेतकरी स्वतंत्र झाला का?

बैलाचे दावे सोडले की तो मोकळा होतो. धुऱ्यावर चरतो, ओढ्यावर पाणी पितो. म्हणून कोणी त्याला स्वतंत्र म्हणत नाही. दावे धन्याच्या हातात आहे. संध्याकाळी तो पुन्हा खुंट्याला. मोकळीक धनी देतो, धनीच परत घेतो. जे कोणाच्या मर्जीवर टिकत नाही, ते स्वातंत्र्य.

निजाम गेला, खुंटा राहिला. 1970 च्या दशकात ज्वारीवर लेव्ही होती. पेरायचे आपण, भाव सरकारचा. 1971 चा कायदा करून कापसावर एकाधिकार खरेदी बसवली. सेलू-मानवतच्या शेतकऱ्याने स्वतःचा कापूस जास्त भावासाठी आंध्रात नेला तर तो गुन्हेगार! व्यापारी लुटतो म्हणून सरकार घेते, असे सांगत. सरकारने जरूर घ्यावा. पण दुसऱ्याला विकायला बंदी कशासाठी? भाव चांगला दिला असता तर हद्दीवर पोलीस कशाला लागले असते?

2002 साली खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची परवानगी मिळाली. आपल्याला वाटले, सुटलो. शब्द नीट वाचा : परवानगी. मार्च 2012 मध्ये दिल्लीने कापसाची निर्यात एका फटक्यात बंद केली. ओरड झाली, काही दिवसांत बंदी उठली. कोणी म्हणाले, सरकारने ऐकले. अरे, ज्याने दावे बांधले त्याचेच आभार?

1955 चा आवश्यक वस्तू कायदा आणि 1992 चा परदेशी व्यापाराचा कायदा आजही आहेत. ज्वारीचे दावे पहिल्यात, कापसाचे दुसऱ्यात. आज सैल आहे, उद्या ताणतील.

तेव्हा बैठकीला येताना मागणीपत्र पुन्हा वाचा. त्यात सूट, सवलत, परवानगी असे शब्द असतील तर खोडा. ही बैलाची भाषा आहे. बंदी उठवा एवढेच लिहू नका; बंदी घालण्याचा अधिकारच काढा, असे लिहा.

दावे सैल करून नको. खुंटा उपटायचा आहे.