खेळाचा तास कोणी घेतला?

गेल्या महिन्यांतील गोष्ट. माझा अकरा वर्षांचा नातू शिकवणीहून परतला, तो दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत धापा टाकूं लागला. मीं त्यास म्हटलें, "बाळ, रोज थोडें खेळावयास जात जा." त्यानें सरळपणें विचारलें, "आजोबा, कुठें? आणि केव्हां?"

या दोन प्रश्नांचें उत्तर मला तत्काळ देतां आलें नाहीं. आमच्या लहानपणीं ज्या अंगणांत लगोऱ्यांचा डाव रंगे, तेथें आज मोटारी उभ्या असतात. रस्त्यावर वाहनांचा अखंड ओघ. मुलास एकटें धाडण्यास आईचें मन धजत नाहीं, आणि तिची भीति खोटी नाहीं. शाळा, शिकवणी व गृहपाठ यांत मुलाचा दिवस मावळतो. आई व वडील दोघेंही दिवेलागणीस कामावरून थकून येतात; तोंवर मोबाइल मुलास एका जागीं बसवून ठेवतो. मुलगी बारातेरा वर्षांची झाली कीं "आतां पुरे झालें हुंदडणें," असें घरांतूनच बजावलें जातें.

या सर्व अडचणी खऱ्या आहेत. परंतु आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे आम्ही वडील मंडळी. मीं जन्मभर संस्कृत शिकविलें. कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत बटुवेषधारी शंकर तपाचरणांत मग्न झालेल्या पार्वतीस, शरीर हेंच धर्माचें पहिलें साधन होय, याचें स्मरण देतो. तें स्थळ मी मोठ्या प्रेमानें विवरून सांगें. आणि परीक्षा जवळ आली कीं मुलांचा खेळाचा तास मागून घेऊन त्यांत धातुरूपें घोकवून घेईं! खिडकींतून मैदानाकडे लागलेले ते डोळे आठवले म्हणजे आज लाज वाटते. घरींही नातू धांवूं लागला कीं "पडशील!" हा शब्द प्रथम माझ्याच तोंडून निघतो.

पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस दररोज सरासरी ६० मिनिटें तरी अंगमेहनतीची हालचाल हवी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. तीं एकाच दमांत झालीं पाहिजेत असें नाहीं. शाळेची वाट झपझप चालणें, जिना चढणें, दोरीवरच्या उड्या, हें सर्व हिशेबांत धरावें. सूर्यनमस्कारास तर सतरंजीएवढी जागा पुरते. औंध संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. पण ते स्वतःही नित्यनेमानें घालीत. सांगणारा स्वतः करीत होता, यांतच त्या सांगण्याचें बळ होतें.

एकत्र कुटुंबांत माणसांची वाण नसते. आई थकली असेल तर काका, काका गांवाला गेला असेल तर आजोबा. आठवड्याचे वार वांटून घ्यावे, आणि मुलाइतकाच मुलीचाही त्यांवर हक्क मानावा. आमच्या घरीं सोमवार व गुरुवार माझ्याकडे आले आहेत. नातू व नात देवळाच्या आवारांत शिवाशिवी खेळतात. मी भोंवतीं फेऱ्या घालतों. परवां नातवानें मला ओरडून सांगितलें, "आजोबा, सावकाश, पडाल!"

वाचकहो, आपल्या घरीं कोणता वार कोणाचा, हें आज रात्रीं पानावर बसल्याबसल्याच ठरवून टाका.