उंच जीप, चार प्रश्न

मैत्रिणींनो, जीप उंच करून घ्यायची पोरांना भारी हौस! पैसे मात्र पुष्कळदा आईच्या बचतीतले, मग चार प्रश्न आपण का विचारू नयेत? गाडी उचलली की जुने शॉकअप आखूड पडतात. त्या उंचीचे लांबच हवेत. रोजचा रस्ता डांबरी असेल तर चिखलाचे जाड नक्षीचे टायर नकोत, पावसात घसरतात. टायर मोठा झाला की वेगाचा काटा कमी दाखवतो, ब्रेकवर ताण येतो. वळणावर उलटायची भीती वेगळीच. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे. अपघात झाला तर विमा कंपनी त्यावरच बोट ठेवू शकते. चिखलात जायचं नसेल तर मला कंपनीने दिलेली उंचीच बरी वाटते. तेवढ्यावर चढतानासुद्धा सासूबाईंना पाट लागतो!