विश्लेषण : कारखान्यात जीव गेला तर बातमी होते, बोटं गेली तर? गंभीर जखमी कामगारांची नोंद का होत नाही?

३० जून २०२५ रोजी तेलंगणातल्या पाशमैलारम इथं सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक कामगारांचा जीव गेला. त्याच्या वर्षभर आधी, २३ मे २०२४ रोजी, डोंबिवली एमआयडीसीतल्या अमुदान केमिकल्समध्ये असाच स्फोट झाला होता. अशा घटनांचे व्हिडिओ काही मिनिटांत मोबाइलवर फिरतात. मंत्री भेट देतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती बसते.

पण पॉवर प्रेसखाली दोन बोटं गेलेला हेल्पर, परांचीवरून पडून कंबर मोडलेला गवंडी किंवा कडबाकुट्टीत हात अडकलेली शेतमजूर महिला यांचा व्हिडिओ कुणी पाहत नाही. अनेकदा त्यांची सरकारी नोंदही होत नाही. नोंद नाही म्हणून चौकशी नाही, आणि चौकशी नाही म्हणून तेच मशीन दुसऱ्या दिवशी तसंच सुरू होतं.

सरकारी आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारची डीजीफासली ही संस्था राज्यांकडून कारखान्यांतल्या अपघातांची माहिती गोळा करते. २०१७ ते २०२० या काळात देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांमध्ये दरवर्षी सरासरी १,१०९ कामगारांचा मृत्यू झाला आणि चार हजारांहून थोडे अधिक जखमी झाले. म्हणजे दिवसाला तीन मृत्यू आणि अकरा जखमी.

या आकड्यांत एक गोष्ट खटकते. एका मृत्यूमागे जखमी फक्त चार? ब्रिटनमध्ये २०२३-२४ या वर्षात कामाच्या ठिकाणी १३८ कामगार दगावले, आणि मालकांनी सरकारला कळवलेल्या जखमींची संख्या होती ६१,६६३. तिथं एका मृत्यूमागे जवळपास साडेचारशे जखमींची नोंद झाली. ब्रिटनच्या आकड्यात कारखान्यांबरोबर इतर क्षेत्रंही येतात, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. पण तिथं काही ठरावीक गंभीर दुखापती सोडल्या, तर कामगार सात दिवसांपेक्षा जास्त काळ कामाला मुकला तरच अपघात कळवावा लागतो. भारतात कायद्यानं ही मर्यादा फक्त ४८ तासांची आहे. नियम जास्त कडक असूनही नोंद इतकी कमी असेल, तर भारतातले कारखाने जास्त सुरक्षित आहेत असा त्याचा अर्थ होत नाही. जखमी कामगार कागदावर येतच नाहीत, असा होतो.

मग हे जखमी जातात कुठे?

मृत्यू लपवणं अवघड असतं. पोलीस येतात, शवविच्छेदन होतं, नातेवाईक गेटवर जमतात. तुटलेलं बोट मात्र जवळच्या खासगी दवाखान्यात टाके घालून मिटवता येतं.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमींसोबत काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था गेली काही वर्षं ‘क्रश्ड’ नावाचा अहवाल काढते. त्यात एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. जखमी बहुतेक तरुण, स्थलांतरित आणि ठेकेदारामार्फत आलेले असतात. अनेकांना ईएसआयचं कार्ड अपघात झाल्यावर मिळतं. कायद्यानं ते नोकरीच्या पहिल्याच दिवशी मिळायला हवं.

इथंच खरी गोम आहे. कामगार ठेकेदाराचा, मशीन लहान कंपनीचं, आणि माल जातो मोठ्या ब्रँडकडे. अपघात झाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कामगार मात्र गावी परततो.

बोटं नेमकी जातात कशी?

पॉवर प्रेसमध्ये वरचा साचा जोरात खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. कामगार हातानं पत्रा आत ठेवतो, पायानं पॅडल दाबतो आणि तयार तुकडा बाहेर काढतो. एका पाळीत हे हजारो वेळा होतं. हात आत असताना पॅडल दाबलं गेलं, किंवा क्लच बिघडून प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आला, की बोटं जातात.

यावर उपाय जुने आहेत आणि महागडेही नाहीत : साच्याभोवती जाळी, दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय चालू न होणारी यंत्रणा, हात आत जाताच प्रेस थांबवणारा सेन्सर. फिरत्या भागांना आवरण हवं, असं १९४८ चा कारखाने अधिनियमही सांगत होता. पण सेन्सरमुळे वेग कमी होतो म्हणून तो बंद ठेवला जातो, आणि अपघात झाला की ‘कामगाराचं लक्ष नव्हतं’ असं सांगितलं जातं. बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाचं लक्ष कधीतरी विचलित होणारच, हे गृहीत धरूनच मशीन सुरक्षित करायचं असतं.

इतर क्षेत्रांत धोके वेगळे आहेत. बांधकामावर उंचीवरून पडणं, वीज कंपन्यांच्या ठेक्यावरच्या कामगारांना शॉक लागून भाजणं, रसायन कारखान्यांत आग आणि वायू. शेतीतल्या मळणी यंत्रांनी इतके हात गेले की १९८३ मध्ये त्यासाठी वेगळा केंद्रीय कायदा करावा लागला. पण शेतातला किंवा बांधकामावरचा जखमी कारखान्यांच्या आकडेवारीत येतच नाही.

कायद्यानं एका बोटाची किंमत किती?

ईएसआय लागू नसलेल्या कामगाराची भरपाई १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातल्या सूत्रानं ठरत आली आहे. कोणता अवयव गेल्यावर कमावण्याची क्षमता किती टक्के घटते, याची यादीच त्यात होती. पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के.

समजा, कामगाराचं वय ३० आहे. हिशेबासाठी २०२० पासून महिन्याची मजुरी जास्तीत जास्त १५ हजार रुपये धरली जाते. तिचे ६० टक्के म्हणजे ९ हजार. त्याला वयाचा गुणांक २०७.९८ नं गुणायचं आणि त्याचे १४ टक्के काढायचे. एका तर्जनीचे होतात सुमारे २ लाख ६२ हजार रुपये, तेही एकदाच.

दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआय लागू असलेल्या कामगाराला उपचार मिळतात, कामावर जाता येत नाही त्या काळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा लाभ मिळतो. म्हणूनच नोंदणी झाली आहे की नाही, यावर पुढचं सगळं आयुष्य अवलंबून असतं.

अमेरिकेनं काय वेगळं केलं?

१ जानेवारी २०१५ पासून अमेरिकेत एक सोपा नियम आला. कामावर एकाही माणसाचा अवयव तुटला, डोळा गेला किंवा त्याला रुग्णालयात दाखल करावं लागलं, तर मालकानं २४ तासांत सरकारी सुरक्षा संस्थेला, म्हणजे ‘ओशा’ला कळवायचं. पहिल्याच वर्षी १०,३८८ गंभीर दुखापती समोर आल्या. त्यात ७,६३६ जण रुग्णालयात दाखल झालेले आणि २,६४४ अवयव तुटलेले होते. तरीही निम्म्या किंवा त्याहून जास्त घटना दडवल्या जात असाव्यात, असा खुद्द ‘ओशा’चा अंदाज होता.

मोठा फरक असा की ही माहिती कंपनीच्या नावासह लोकांसमोर खुली असते. कोणत्या कारखान्यात, कशामुळे, कोणती इजा झाली हे कुणालाही पाहता येतं. भारतात अपघाताची सूचना कारखान्याकडून निरीक्षकाकडे जाते. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. ईएसआयकडेही जखमींची माहिती असते. पण या दोन नोंदी ताडून पाहिल्या, तर कोणत्या कारखान्यानं अपघात दडवला ते लगेच कळेल.

नव्या कामगार संहितांनी काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात काही गोष्टी कामगारांच्या बाजूच्या आहेत. प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक झालं. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही ठरावीक परिस्थितीत भरपाईसाठी धरला जाईल. सरकारनं धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या कामात एकच कामगार असला तरी ईएसआय लागू करता येईल.

दुसरी बाजूही आहे. विजेवर चालणारा कारखाना म्हणून गणना होण्यासाठी मूळ केंद्रीय कायद्यात १० कामगार पुरेसे होते, आता २० लागतात. विजेशिवाय चालणाऱ्यांसाठी ही संख्या २० वरून ४० झाली. ठेका कामगारांच्या नियमांची मर्यादाही २० वरून ५० वर गेली. बोटं सर्वाधिक जातात ती लहान शेडमध्ये, आणि नेमक्या त्याच शेड या मर्यादांखाली राहतात.

अपघात झालाच तर काय करावं?

- तुटलेलं बोट स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावं आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये. काही तासांत योग्य रुग्णालय गाठलं तर ते जोडलं जाण्याची शक्यता असते.
- रुग्णालयाच्या कागदावर ‘कामावर असताना, मशीनवर दुखापत’ असंच लिहून घ्यावं. ‘घरी पडलो’ असं सांगण्यासाठी दबाव आला तर ऐकू नये, कारण पुढची भरपाई याच ओळीवर ठरते.
- गेटपास, हजेरी, बँकेत जमा झालेला पगार, ठेकेदाराचे मेसेज जपून ठेवावेत. नोकरीचा पुरावा हाच असतो.
- ईएसआय असेल तर मालकानं अपघाताचा अहवाल पाठवला का, हे शाखा कार्यालयात जाऊन तपासावं.
- कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये.

हे सगळं अपघातानंतरचं झालं. तो टाळायचा असेल, तर पहिलं बोट गेल्यावरच निरीक्षक त्या मशीनपर्यंत पोहोचायला हवा. आज तो बहुतेक वेळा जीव गेल्यावरच पोहोचतो.