तार नवी, तरी सूर का पळतो?

मित्रांनो, गॅदरिंग चार दिवसांवर आलंय. गंजलेल्या तारा काढून तुम्ही इलेक्ट्रिक गिटारला घरच्या घरी सहा कोऱ्या तारा चढवल्यात. ट्यूनर लावून सूर जुळवलात, एक गाणं वाजवलंत आणि सूर उतरला! पुन्हा जुळवला, पुन्हा उतरला. आई म्हणते, "एवढ्या महागाच्या तारा आणल्या ना?" आणि तुम्हांला वाटू लागतं, आपला कानच कच्चा आहे.

थांबा! सूर उतरल्याचं तुम्हांला कळलं, म्हणजे कान शाबूत आहे. आणि बहुतेक वेळा गिटारही बिघडलेली नसते. सूर नेमका कुठून पळतो, ते ओळीनं शोधू या.

त्याआधी थोडंसं विज्ञान. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, वजन आणि ताण. मारें मर्सेन या फ्रेंच विद्वानानं 1636 मध्ये हे नियम मांडले. लांबी आणि वजन तेच ठेवून ताण चौपट केला, तर कंपनं दुप्पट होतात. म्हणजे ताण जरासा ढिला पडला की सूर उतरलाच! गिटारवर हा ताण काही थोडाथोडका नसतो. पहिली तार 0.010 इंच आणि सहावी 0.046 इंच जाडीची, असा नेहमीचा संच घेतला, तर सहा तारांचा मिळून ताण सुमारे 45 किलो भरतो. नववीतला एखादा मुलगा गिटारला लोंबकळतोय असंच समजा ना!

म्हणून आधी सावधगिरी. अ‍ॅम्प्लिफायरची वायर काढून ठेवा. ताणलेली तार कधीही कापू नका. आधी पूर्ण सैल करा. तार कापताना आणि ताणताना डोळ्यांवर चष्मा किंवा गॉगल हवाच, आणि तोंड तारेच्या रेषेत नको. तारेचं टोक सुईसारखं असतं. धाकटी भावंडं असतील तर तुकडे लगेच कागदात गुंडाळून टाका.

पहिला संशयित : खुंटीवरचे वेढे. दहापैकी आठ वेळा इथंच पाणी मुरतं, असं समजून सुरुवात करा. वेढे एकमेकांवर चढले किंवा सैल राहिले, की वाजवताना ते हळूहळू आवळले जातात आणि तार ढिली पडते. वेढे दोन ते तीन पुरेत. एकाखाली एक, नीट शेजारी-शेजारी. मग तार किती जास्त सोडायची? गणितात शिकलात ना, परीघ म्हणजे व्यास गुणिले 3.14! खुंटीचा व्यास साधारण 6 मिलिमीटर, म्हणजे एका वेढ्याला सुमारे 19 मिलिमीटर तार लागते. अडीच वेढ्यांना झाले जवळजवळ 5 सेंटिमीटर.

वेढे ठीक असतील तर तार "बसवून" घ्या. सूर जुळवा. बाराव्या फ्रेटजवळ तार बोटांनी धरून हलकेच एखादा सेंटिमीटर वर उचला आणि सोडा. सूर उतरेल. पुन्हा जुळवा, पुन्हा उचला. असं चार-पाच वेळा केलं की सूर उतरायचा थांबतो. बारीक तारांशी जबरदस्ती मात्र नको हं, तुटतील.

दुसरा संशयित : नट. गिटारच्या मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात, ती पट्टी म्हणजे नट. खुंटी पिळताय, पण सूर हलतच नाही, आणि मग एकदम "टिंग" करून उडी मारतो? मग तार खाचेत अडकतेय. तार सैल करून बाजूला घ्या आणि मऊ शिसपेन्सिलीचं टोक खाचेत फिरवा. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमुळे तार सुळकन सरकते. खोबरेल तेल मात्र घालू नका. त्याला धूळ चिकटते. नव्या तारा जुन्यांपेक्षा जाड असतील, तर खाच अरुंदही पडत असेल. तरी स्वतः कानस लावू नका. खाच जास्त खोल गेली की तार फ्रेटवर खडखडते आणि नटच बदलावा लागतो. हे काम वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांचं.

तिसरा संशयित : आपली पिळायची सवय. सूर चढला म्हणून खुंटी उलटी फिरवून तिथंच थांबू नका. खुंटीच्या दातांमध्ये थोडी मोकळीक राहते आणि मग सूर घसरतो. आधी सुराच्या खाली जा आणि खालून वर येत सूर गाठा.

चौथा संशयित : हलता ब्रिज. काही गिटारींना दांडी हलवून सूर झुलवता येतो. 1954 साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमुळे ही रचना घरोघर पोचली. यात एका बाजूनं तारा ओढतात, तर दुसऱ्या बाजूनं पाठीमागच्या स्प्रिंगा. अगदी रस्सीखेचच! एक तार चढवली की ब्रिज किंचित पुढं झुकतो आणि बाकीच्या पाच तारा उतरतात. त्यामुळे सहाही तारांवरून तीन-चार फेऱ्या माराव्याच लागतात. पुढच्या वेळी सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, एक लावा. जाड तारा लावल्यानं ब्रिज वर उचलला गेला असेल, तर मागच्या झाकणाखालचे स्प्रिंगांचे दोन स्क्रू पाव-पाव फेरा आवळायचे, तेही बाबांना किंवा ताईला जवळ बसवून.

पाचवा संशयित फारच लबाड! मोकळ्या तारा सुरात, पण मानेवर वर गेलं की सगळं बेसूर. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथं तारेला नुसतं बोट टेकवून छेडा, मग तार दाबून छेडा. दोन्ही सूर एकच हवेत. दाबलेला सूर चढा असेल, तर ब्रिजवरचं त्या तारेचं छोटं घोडं स्क्रूनं मागं, म्हणजे मानेपासून दूर सरकवा. उतरलेला असेल तर मानेकडे. दर वेळी मोकळी तार पुन्हा जुळवून मगच तपासा.

एवढं करूनही सूर थोडाफार हलणारच. उन्हातून गार खोलीत गिटार आणली तरी हलतो. मैफलीत पाहा, मोठमोठे गवईसुद्धा मधेच थांबून तंबोऱ्याची खुंटी पिळतात, मणी सरकवतात. त्यात लाज कसली? कान जागा असल्याची ती खूण आहे. तेव्हा नव्या तारा कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे, तर दोन-तीन दिवस आधीच लावा. आणि आई-बाबांनो, या दिवसांत घरात "टुंग-टुंग" चालू राहिलं तर जरा सोसा. वाद्याशी ओळख अशीच होते.

जाता जाता एक कोडं. पहिली तार सहाव्या तारेच्या चौपट कंपनं करते. सहाही तारा एकाच जाडीच्या असत्या, तर पहिली तार सहावीच्या कितीपट ताणावी लागली असती? उत्तराची किल्ली याच लेखात आहे. ती सापडली, की पहिली तार इतकी बारीक का असते, तेही आपोआप कळेल!