रक्तदाबाचे दोन आकडे

दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात आणि कागदावर लिहून देतात – १२०/८०. घरी आल्यावर सगळे विचारतात, "वरचा किती?" खालच्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक दोन्ही आकडे सारखेच महत्त्वाचे आहेत. ते कसे, हे आज पाहू.

आपण स्वस्थ बसलेले असताना हृदयाचे मिनिटाला साधारण ७२ ठोके पडतात. म्हणजे एका ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद. त्यातले ०.३ सेकंद हृदय आवळले जाते आणि ०.५ सेकंद सैल पडून रक्त भरून घेते.

रक्त भरत असताना हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात दाब १० च्या आसपासच असतो. मग कप्पा आवळतो. आतला दाब ८० च्या वर गेला की झडप उघडते आणि सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत जोराने शिरते. दाब १२० पर्यंत चढतो. हा झाला वरचा आकडा.

नंतर झडप मिटते. पण धमनीतला दाब शून्यावर येत नाही. महाधमनीची भिंत रबरासारखी ताणली जाते व पुन्हा आवळून रक्त पुढे ढकलत राहते. पुढचा ठोका पडेपर्यंत दाब ८० पर्यंत उतरतो. हा खालचा आकडा. हृदय विसावा घेत असतानाही धमन्यांवर किती ताण आहे, हे तो सांगतो.

म्हणून १३०/९६ असेल तर "वरचा ठीक आहे" म्हणून गप्प बसू नका. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९०, यांपैकी एक जरी गाठला तरी रक्तदाब वाढलेला समजतात. उतारवयात धमन्या कडक होतात, तेव्हा बहुधा वरचाच वाढतो. तरुणपणी पुष्कळदा खालचा आधी वाढतो.

हा आजार बहुधा दुखत नाही, खुपत नाही. माणूस कामावर जात असतो आणि एक दिवस अंगावरून वारे जाते. कमावता हात अंथरुणाला खिळला की सारे घर बसते. गोळ्यांनी आकडे उतरले म्हणजे आजार गेला असे नव्हे, तो ताब्यात आला एवढेच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. पापड, लोणचे, सुकी मासळी बेताने खा. दिवसभरात सगळे मिळून मीठ एका लहान चमच्याहून जास्त नको.

रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू घेऊ नका. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसा. मोजताना बोलू नका. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा. तिशी ओलांडलेल्या घरातल्या प्रत्येकाचे, आणि घरच्या बाईचे आधी. ती स्वतःहून सहसा दवाखान्यात जात नाही.