ॲप हवे, पण कशासाठी?

प्रत्येक सरकारी खात्याला, महामंडळाला आणि बऱ्याच व्यावसायिकांनाही आज स्वतःचे मोबाइल ॲप असावे असे वाटू लागले आहे. या हौसेचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे. कारण तीत जनतेचा पैसा गुंतलेला असतो आणि किनारपट्टीवर तर कधीकधी माणसांचे प्राणही.

‘नेटिव्ह’ ॲप म्हणजे अँड्रॉइड किंवा आयफोन या एकेका प्रणालीसाठी, तिच्याच साधनांनी स्वतंत्रपणे रचलेले ॲप. फोनमधील ब्लूटूथ, कॅमेरा, स्थाननिश्चिती यांच्याशी त्याचा थेट सांधा जुळतो आणि नीट रचले असल्यास ते नेटवर्कवाचूनही काम देते. याचे मोल मच्छीमारांइतके कोणाला कळणार? किनाऱ्यापासून सुमारे १० ते १२ किलोमीटरांपलीकडे मोबाइल मुका होतो. २०१७ च्या ओखी चक्रीवादळात केरळ-तमिळनाडूच्या कित्येक होड्या खोल समुद्रात सापडल्या. त्यांतील अनेक देवगड बंदराच्या आश्रयाला आल्या, कित्येक मच्छीमार मात्र परतलेच नाहीत. पुढे २०१९ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेने ‘जेमिनी’ यंत्रणा पुढे आणली. ‘गगन’ प्रणालीच्या उपग्रहांकडून आलेला इशारा हे यंत्र ब्लूटूथने फोनकडे देते आणि ॲप तो प्रादेशिक भाषांत दाखविते. अशा कामी फोनशी घट्ट जोडलेले ॲपच हवे. तेथे काटकसर करणे अक्षम्य ठरेल.

परंतु या मार्गाचा खर्चही मोठा आहे. दोन प्रणाली म्हणजे दोनदा लेखन, दोनदा चाचणी आणि प्रणालीच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर दोनदा डागडुजी. ‘फ्लटर’सारखी साधने एकाच संहितेतून दोन्ही ॲपे घडवितात व हा भार हलका करतात, पण तीही सर्वांना मानवतातच असे नाही. ‘एअरबीएनबी’ने अशाच धर्तीचे ‘रिॲक्ट नेटिव्ह’ वापरून पाहिले आणि २०१८ मध्ये ते सोडून पुन्हा नेटिव्ह मार्ग धरला.

शिवाय मुळात ॲपच हवे काय, हा प्रश्न उरतोच. धारवाडनजीक बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखानदाराला मालाची यादी आणि मागणीची नोंद एवढेच हवे असेल, तर कोणत्याही फोनवर उघडणारे साधे संकेतस्थळ त्याला पुरेसे आहे. ‘मिंत्रा’सारख्या बलाढ्य व्यापारी कंपनीने २०१५ मध्ये संकेतस्थळ बंद करून केवळ ॲपवर भिस्त ठेवली आणि वर्षभरातच, २०१६ मध्ये, ते पुन्हा उघडले. मोठ्यांना परवडलेला हा धडा लहानांना परवडणारा नाही.

म्हणून शासनाने निविदा काढण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: हे काम साध्या संकेतस्थळाने भागणार नाही काय? आणि पुढील देखभालीची तरतूद कोठे आहे? उद्घाटनाचा नारळ फुटला म्हणजे काम संपले, ही समजूत महाग पडते. दुकानाचे ॲप बिघडले तर एखादे गिऱ्हाईक जाते. दर्यावर ज्याच्या भरवशावर होडी लोटली ते साधन ऐन वेळी मुके राहिले, तर घरचा कर्ता माणूस जातो. हा फरक ओळखूनच पैसा खर्च झाला पाहिजे.