सायरन वाजवायला परवानगी कशाला?

परवा जुन्या हार्ड डिस्कवरचा कचरा साफ करत बसलो होतो. त्यात एका केमिकल कारखान्यासाठी आम्ही केलेल्या सॉफ्टवेअरची फाईल सापडली. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण असे कारखाने ढिगाने आहेत. फाईलमध्ये क्लायंटने लिहून दिलेली एक अट होती: गॅस डिटेक्टरचा अलार्म आला की तो आधी शिफ्ट इन्चार्जच्या स्क्रीनवर जाईल. त्याने 'कन्फर्म' केलं की प्लांट हेडकडे. त्याने मंजुरी दिली की मग सायरन.

हे कोड मी स्वतः लिहिलंय. वर आपली हुशारी म्हणून कारण लिहायचा एक चौकोनही टाकला, रिकामा ठेवला तर पुढे जाताच येणार नाही असा. पाच मिनिटं उत्तर नाही आलं तर आठवणीचा एसएमएस! क्लायंट खूश, बॉस खूश. रजेचा अर्ज मंजूर करायचं सॉफ्टवेअर आणि विषारी वायू सुटल्यावर माणसं बाहेर काढायचं सॉफ्टवेअर, दोन्ही मी एकाच साच्यातून काढलं होतं. तेव्हा काही खटकलं नाही. आज खटकतंय, म्हणून हा लेखप्रपंच.

तिथल्या एका ऑपरेटरला मी विचारलं होतं, की भिंतीवर लाल बटण आहे ना, मग हे सगळं कशाला? तो म्हणाला, "साहेब, मागच्या वर्षी एकाने दाबलं. डिटेक्टर खराब निघाला. त्याला मेमो मिळाला. आता कोण दाबतंय?"

संपलं! त्या कारखान्याचा आणीबाणीचा आराखडा जाडजूड होता. नकाशे, असेंब्ली पॉइंट, वाऱ्याची दिशा दाखवणारा मोजा, फोन नंबरांची यादी, सगळं होतं. पण तो अख्खा आराखडा एका मेमोने निकालात काढला होता.

आता मॉक ड्रिलचं बघा. घातक रसायनांबद्दलचे १९८९ चे नियम सांगतात की मोठ्या साठ्याच्या कारखान्यांनी दर सहा महिन्यांनी ड्रिल घ्यायची. घेतात की! मी पाहिलेल्या ड्रिलला सकाळी अकरा वाजता खुद्द प्लांट हेडने सायरन वाजवला. सगळ्यांना आदल्या दिवशीच माहीत. चार मिनिटांत मंडळी असेंब्ली पॉइंटला हजर, मोजणी, फोटो, चहा. रिपोर्टमध्ये लिहिलं 'समाधानकारक'.

यात गोम अशी की ड्रिल सायरनपासून सुरू होते. खऱ्या अपघातात वेळ जातो तो सायरनच्या आधी. 'वाजवू की नको' यात. आणि नेमका तेवढाच भाग आपण कधी तपासत नाही.

मी काही तरी मनाचं सांगतोय असं वाटत असेल तर भोपाळ आठवा. २ डिसेंबर १९८४ ची रात्र. टाकीतून सुमारे ४० टन मिथाईल आयसोसायनेट बाहेर पडलं. एकच्या सुमारास वस्तीसाठीचा मोठा सायरन वाजला आणि थोड्या मिनिटांत बंद केला गेला. आतला, कामगारांसाठीचा, चालू राहिला. कारण? छोट्यामोठ्या गळतीने आसपासचे लोक उगाच घाबरू नयेत म्हणून कारखान्याने हे दोन सायरन आधीच वेगळे करून ठेवले होते. कामगार वाऱ्याच्या उलट दिशेला पळाले आणि बहुतेक वाचले. भिंतीपलीकडची माणसं झोपेत होती. मोठा सायरन पुन्हा वाजला तो दोननंतर.

बरं, हा काही आपल्याच देशाचा आजार नाही. ६ जुलै १९८८ ला स्कॉटलंडजवळच्या समुद्रात पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मला आग लागली. १६७ माणसं गेली. राहण्याच्या ब्लॉकमध्ये जमलेल्यांना 'बाहेर पडा' असं कोणी सांगितलंच नाही. ते नियमाप्रमाणे आदेशाची वाट बघत राहिले आणि बहुतेक धुराने गेले. वाचलेल्यांत बरेचसे स्वतःच्या हिमतीवर समुद्रात उतरलेले होते. शेजारचे प्लॅटफॉर्म समोर आग दिसत असताना जोडलेल्या पाइपलाइनमध्ये तेल ढकलतच राहिले, कारण थांबवायचा निर्णय आपला आहे असं तिथे कुणाला वाटलं नाही.

आणि ७ मे २०२०, विशाखापट्टणम. पहाटे तीनच्या सुमारास स्टायरीनची वाफ वस्तीत शिरली. चौकशी समितीने लिहिलं की सायरन वाजवायची सोय ३६ ठिकाणी होती, अगदी गेटवरसुद्धा. वाजवला कुणीच नाही. भोपाळनंतर ३५ वर्षांनी! बटणं ३६ आणि दाबणारा हात शून्य.

यावर मॅनेजर लोकांचं उत्तर ठरलेलं असतं: "कुणीही बटण दाबायला लागला तर 'लांडगा आला रे' होईल. प्लांट बंद पडला की लाखोंचं नुकसान." मुद्दा अगदीच खोटा नाही. पण खोटे अलार्म येत असतील तर डिटेक्टर दुरुस्त करा ना, माणसाच्या हातावर कशाला मारताय? आणि माणसं बाहेर काढणं व प्लांट बंद करणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. दुसऱ्याला हवी तेवढी मंजुरी लावा. पहिल्याला एकही नको. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरचा कुठलाही कामगार दोरी ओढून गडबड आहे असं सांगू शकतो आणि त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागत नाहीत. तिथे प्रश्न फक्त गाडीच्या दर्जाचा आहे, इथे जिवाचा!

माझं म्हणणं साधं आहे. एक, सायरन वाजवायचा हक्क शेवटच्या कंत्राटी कामगारालाही हवा. दोन, खोटा निघाला तरी मेमो मिळणार नाही हे प्लांट हेडच्या सहीने बटणाशेजारी लावा. तीन, ड्रिल सायरनपासून नको. रात्री तीन वाजता, कुणालाही न सांगता, एका ऑपरेटरच्या हातात चिठ्ठी द्या, 'इथे गळती आहे'. घड्याळ तिथून लावा. सायरन वाजेपर्यंत किती मिनिटं गेली तो आकडा रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहा. तो आकडा बघायची हिंमत नसेल तर ती ड्रिल नाही, स्नेहसंमेलन आहे.

आणि माझ्या धंदेबंधूंनो, 'अलार्मला अप्रूव्हल लावून द्या' असं क्लायंट म्हणाला तर निदान एकदा 'का?' विचारा. मी विचारलं नव्हतं. तो चौकोन बहुधा अजूनही तिथल्या स्क्रीनवर असेल. कुणीतरी कारण लिहीपर्यंत थांबलेला.